घंटी वाजवू नये

गुरुवारी दुपारी चार वाजून सात मिनिटांनी ब्रिटा टॉलेफसनने घराच्या पुढच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीत एवढेच होते : ‘कृपया घंटी वाजवू नये. विश्रांती चालू आहे.’ चार वाजून अकरा मिनिटांनी ती टबमधल्या गरम पाण्यात बसली. पाच वाजता तिच्या स्वयंपाकघरात नऊ माणसे जमली होती आणि ओट्यावर चार घरांचे जेवण होते.

ब्रिटाला मुले तीन. अकरा वर्षांचा अँडर्स, आठ वर्षांची टिली आणि पाच वर्षांचा गस. जानेवारीत गसलाही शाळेच्या छताखालच्या तलावावर पोहायला घेतले, तेव्हा तिच्या लक्षात आले की दर गुरुवारी चार ते साडेपाच घरात कोणीच नसणार. नवरा डेरिल टायरच्या दुकानात सहापर्यंत असतो. लग्नाला बारा वर्षे झाली होती आणि घर रिकामे असे तिने कधी पाहिलेच नव्हते. पण पहिल्या गुरुवारी गसचा कान दुखला. दुसऱ्या गुरुवारी बर्फामुळे शाळा बंद राहिली. तिसऱ्या गुरुवारी कपडे धुण्याचे यंत्र दुरुस्त करणारा आला आणि पावणेसहापर्यंत स्वतःच्या पाठदुखीविषयी बोलत बसला. चौथा, पाचवा आणि सहावा गुरुवार असेच गेले. सातव्या गुरुवारी तिने चिठ्ठी लावली. तिला हवे होते ते फार नव्हते. गरम पाणी, ग्रंथालयातून आणलेली एक खुनाची कादंबरी, आणि ओट्सच्या डब्यात लपवलेले चॉकलेट. ओट्सच्या डब्याला त्या घरात दुसरे कोणी हात लावत नाही.

चूक चिठ्ठीतच होती. आमच्या गावात दारावर चिठ्ठी लागते ती तीनच कारणांनी. घरात तान्हे बाळ झोपलेले असते, कोणाचे ऑपरेशन झालेले असते, किंवा कोणी गेलेले असते. समोरच्या घरातल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आर्डिसबाईंनी चार वाजून तेरा मिनिटांनी चिठ्ठी पाहिली. बाळाची शक्यता त्यांनी लगेच बाजूला ठेवली, कारण आठवड्यापूर्वीच त्यांनी ब्रिटाला बर्फावर टाकायच्या मिठाचे चाळीस पौंडांचे पोते खांद्यावरून नेताना पाहिले होते. मग त्यांनी नोरिनला फोन लावला. नोरिन म्हणजे चर्चच्या स्वयंपाक समितीची प्रमुख.

“नोरिन, टॉलेफसनांच्या दाराला चिठ्ठी लागलीय.”

“कोण गेलं?”

“तसं लिहिलेलं नाही. विश्रांती चालू आहे म्हणतात.”

“कोणाची?”

“घरात ब्रिटाच आहे फक्त.”

“ब्रिटा आणि विश्रांती,” नोरिन म्हणाली. “म्हणजे गंभीरच आहे.”

चार वाजून अठरा मिनिटांनी नोरिनची यादी तयार झाली. गुरुवारी कोणाचे हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये एकाच भांड्यात भाजलेले जेवण, शुक्रवारी कोणाचे, कोणी पाव आणायचा, कोणी मुलांना शाळेत सोडायचे, सगळे ठरले. गुरुवारचे हॉटडिश आणायला मात्र तिघी तयार झाल्या आणि तिघींपैकी कोणीच मागे हटेना.

आमची माणसे सूचना पाळणारी आहेत. घंटी कोणीच वाजवली नाही. चार वाजून बत्तीस मिनिटांनी आर्डिसबाईंनी बाजूच्या दारावर दोन बोटांनी हळूच टकटक केली. वर टबमध्ये ब्रिटा सोळाव्या पानावर होती. तिने श्वास रोखला. टकटक पुन्हा झाली. मग दार उघडल्याचा आवाज आला. आमच्याकडे त्या दाराला कोणी कुलूप लावत नाही.

“उठू नकोस गं,” खालून हाक आली. “मी नुसतं सूप ठेवून जाते.”

सूप नुसते ठेवून कोणी जात नाही हे ब्रिटाला माहीत होते. ती गाऊन गुंडाळून, ओल्या केसांनी खाली आली. चेहरा गरम पाण्याने लाल झाला होता. आर्डिसबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला.

“अगं, भाजतंय नुसतं.”

“आर्डिसबाई, मी टबमध्ये होते.”

“बरोबर केलंस. तापाला तेच चांगलं.”

“मला ताप नाहीये.”

“केव्हापासून?”

“केव्हापासूनच नाहीये.”

“बोलू नकोस जास्त,” आर्डिसबाई म्हणाल्या आणि तिला खुर्चीवर बसवून तिच्या पायांत स्वतःचे लोकरी मोजे चढवू लागल्या.

तेवढ्यात नोरिन आली. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेले हॉटडिश होते. खाली खिमा आणि मशरूमचे सूप, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या ओळीने लावलेल्या. तिच्या मागून आणखी दोन बायका तसलीच दोन भांडी घेऊन आल्या. चार बर्नरची शेगडी, ओटा आणि फ्रिजचा वरचा भाग मिळून पाच मिनिटांत भरून गेला.

“डॉक्टर काय म्हणाले?” नोरिनने विचारले.

“डॉक्टरकडे मी गेलेच नाही.”

चौघींनी एकमेकींकडे पाहिले.

“गेलीच नाही,” नोरिन हलक्या आवाजात म्हणाली.

“जाण्यासारखं काही झालेलंच नाही, नोरिन.”

“माझी मावससासूही असंच म्हणायची. शेवटपर्यंत.”

ब्रिटाने एक मोठा श्वास घेतला आणि खरे ते सांगून टाकायचे ठरवले. “ऐका. मला काही झालेलं नाही. मला फक्त एक तास शांतपणे बसायचं होतं.”

नोरिनच्या मागून आलेल्या बायकांपैकी एकीने डोळे पुसले. “बिचारी,” ती म्हणाली. “अशानेच सुरुवात होते.”

डेरिलला बातमी दुकानात कळली. टायर बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्याच्या बायकोने फोनवर सांगितले होते. डेरिलने गिऱ्हाइकाची गाडी लिफ्टवरच वर टांगलेली ठेवली, वाटेत तलावावरून तिन्ही मुलांना उचलले आणि चार वाजून पंचावन्न मिनिटांनी तो घरात शिरला. बाहेर शून्याखाली अकरा अंश होते. मुलांचे ओले केस काड्यांसारखे ताठ झाले होते.

“काय झालंय तुला?” त्याने विचारले.

“काही नाही.”

डेरिलने आर्डिसबाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. ‘काही नाही’चा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो.

“आई मरणार आहे?” टिलीने विचारले.

“नाही गं बाळा.”

“मग हे खायचं की नाही?” गसने विचारले. त्याने एक गोळी आधीच तोंडात टाकली होती.

अँडर्स जाकीट काढत म्हणाला, “आई, तू मेलीस तर माझा हॉकीचा सराव कोण करणार? म्हणजे सोडायला कोण येणार?”

“बाबा येतील.”

“बाबांना वेळच कळत नाही.”

पाच वाजून पाच मिनिटांनी नोरिन “चला तर मग” म्हणाली आणि तिने गुडघ्यांवर हात आपटले. आमच्याकडे याचा अर्थ पाहुणे वीस मिनिटांत निघतील असा होतो. बायका उभ्या राहिल्या आणि उभ्यानेच रस्त्यांवरच्या बर्फाविषयी बोलल्या. दारापाशी त्यांनी नोरिनच्या मुलीच्या लग्नाची तारीख ठरवली. दार उघडल्यावर हॉटडिश किती वेळ गरम करायचे ते पुन्हा सांगितले. मध्येच आर्डिसबाई वर न्हाणीघरात जाऊन आल्या. त्यानंतर त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. साडेपाचला शेवटची गाडी गेली. टबमधले पाणी तोवर गार झाले होते, आणि कादंबरी काठावरून आत पडून फुगली होती.

सहा वाजता टॉलेफसन कुटुंब जेवायला बसले. तीन हॉटडिश होती आणि तिन्हींची चव एकच होती.

“चांगली आहेत गं माणसं,” डेरिल म्हणाला.

“मी वाईट म्हटलंय का?”

“मग चिडलीस कशाला?”

ब्रिटाने काटा खाली ठेवला. “डेरिल, तू दर रविवारी गोठलेल्या तळ्यावर त्या खोपटात पाच तास बर्फातल्या भोकाकडे बघत बसतोस. तुला कधी कोणी सूप आणून दिलं?”

“तिथे मी मासे पकडतो.”

“या हिवाळ्यात किती पकडलेस?”

डेरिलने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. “दोन. एक सोडून दिला, लहान होता.”

“हं.”

“पण तुला बसायचं होतं तर मला सांगायचंस. आपण दोघं बसलो असतो.”

गसने ब्रिटाच्या ताटलीतल्या गोळ्या उचलल्या, तेव्हा तिने ताटलीच त्याच्याकडे सरकवली.

यापुढचा भाग बाहेरच्या माणसाला कदाचित पटणार नाही, पण आमच्याकडे आलेले भांडे रिकामे परत जात नाही. तशी कोणी सक्ती करत नाही. रिकामे कोणी पाठवतच नाही, एवढेच. त्यामुळे एक तास काहीही न करण्याची इच्छा धरणाऱ्या ब्रिटाने शुक्रवारी संध्याकाळी दालचिनीचे रोल केले आणि शनिवारी सकाळी लिंबाच्या वड्यांचे तीन घाणे काढले. यादीप्रमाणे शुक्रवारचे हॉटडिशही येऊन पडले होते. ते नको म्हणायला तिने नोरिनला फोन केला, तर नोरिन म्हणाली, “आता आवाज जरा बरा वाटतोय. सोमवारपर्यंत आपण चालूच ठेवू.”

शनिवारी भांडी घासताना एक गोष्ट उघड झाली. प्रत्येक भांड्याच्या बुडाला पांढऱ्या चिकटपट्टीवर मालकिणीचे नाव होते. सूपच्या पातेल्यावर आर्डिसबाईंचे, तिन्ही गुरुवारच्या भांड्यांवर आणि शुक्रवारच्या भांड्यावर त्या त्या घरांचे. पण शुक्रवारी सकाळी पुढच्या पायरीवर, बर्फात, आणखी एक भांडे कोणीतरी ठेवून गेले होते. हिरव्या पानांची नक्षी असलेले, आत सफरचंदाचा पुडिंगसारखा पदार्थ. त्याच्या बुडाला नाव नव्हते.

ब्रिटाने त्यातही लिंबाच्या वड्या भरल्या आणि पातेले परत करायला गेली तेव्हा तेही सोबत घेतले.

“आर्डिसबाई, हे कोणाचं असेल?”

आर्डिसबाईंनी भांडे उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिले. “माझं नाही.”

“मग नोरिनचं?”

“नोरिन इतकं चांगलं भांडं बाहेर काढत नाही.”

“मी सगळ्यांना फोन करून विचारते.”

“फोनवर भांडं दिसतं का? हातात घेऊन दाखवायला लागतं. तळ्याच्या पलीकडच्या घरांत विचारून बघ. एका दिवसात नाही व्हायचं ते. घाई करू नकोस.”

“मला वेळ कुठे आहे, आर्डिसबाई?”

“गुरुवारी चार ते साडेपाच असतो ना.” आर्डिसबाई पातेले ठेवायला कपाटाकडे वळल्या. “मला पाच मुलं झाली. ताप आलेलं माणूस टबच्या काठावर चॉकलेटचा कागद ठेवत नाही, एवढं मला कळतं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“नोरिनची यादी झाली होती. ओव्हन पेटले होते. एकदा ओव्हन पेटले की या गावात कोणाला बरं होता येत नाही.”

त्यांनी कपाट उघडले. आतल्या फळीवर हिरव्या पानांच्या नक्षीची तीन भांडी एकावर एक ठेवलेली होती, लहानमोठ्या मापाची. एका मापाची जागा रिकामी होती. ब्रिटाने ती पाहिली. आर्डिसबाईंनी तिला पाहताना पाहिले आणि कपाट लावून घेतले.

“वड्या मात्र ठेवून जा,” त्या म्हणाल्या. “भांडं रिकामंच फिरव. हलकं पडेल.”

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मालकीण सापडलेली नाही. दर गुरुवारी चार वाजता टॉलेफसनांची गाडी घरासमोरून निघते आणि साडेपाचला परत येते. तळ्याच्या पलीकडच्या लोकांना विचारले तर, भांडे घेऊन कोणी आल्याचे त्यांना आठवत नाही. बोटी उतरवण्याच्या धक्क्याजवळ ती गाडी इंजिन आणि हीटर चालू ठेवून उभी असलेली मात्र तिघांनी पाहिली आहे. ब्रिटा आत वाचत होती. शेजारच्या सीटवर भांडे होते, त्याला पट्टा लावलेला होता.

नोरिनला वाटते की एवढी चिकाटी आजकाल दिसत नाही. तिने चर्चमध्ये तसे बोलूनही दाखवले. ते ऐकून डेरिलला भरून आले. “एकटीने किती दारं फिरशील,” तो काल जेवताना ब्रिटाला म्हणाला. “या गुरुवारी मी दुकान साडेतीनलाच बंद करतो. मुलांनाही घेऊ. सगळे मिळून शोधू.”

ब्रिटाचे उत्तर हे लिहीपर्यंत कळलेले नाही.