शंभर टक्के शुद्ध थेंब

बाळांनो, एका जंगलात, जिथे झाडांनासुद्धा नंबर दिलेले होते, केतकी नावाची खार होती. सातासमुद्रापार शिकून ती नुकतीच परतली होती. जंगल सुधारायचं, हे तिने जहाजातच ठरवलं होतं.

त्या जंगलात गवाआजोबांचे चारही खूर सडत चालले होते. पाणवठ्यापर्यंत जाववत नव्हतं. एका रानवेलीच्या बियांतलं प्रथिन ही सड मारतं, हे केतकीला ठाऊक होतं.

"मग बिया वाटूनच लावू का गं?" आजोबांनी विचारलं.

"अहो आजोबा, त्यात शंभर प्रथिनं असतात! आपल्याला एकच हवंय. थांबा, वेगळं काढून देते."

उन्हात प्रथिन नासतं, म्हणून ती झऱ्याच्या गारव्यात बसली. बांबूच्या नळीत बारीक मणी भरले. वरून बियांचा रस ओतला. हवं ते प्रथिन मण्यांना चिकटलं, बाकीचं खालच्या, आजोबांच्या झाडाजवळून जाणाऱ्या चरात वाहून गेलं. मग मिठाच्या पाण्याने चिकटलेलं सोडवून घेतलं.

औषधं तपासणाऱ्या शुद्धता समितीच्या अस्वलरावांनी ते हुंगलं. "किती शुद्ध?"

"नव्वद टक्के."

"आणि उरलेले दहा कोण? कुठून आले?"

केतकी ओशाळली. तिकडे शिकताना तीही नव्वदावर कधी थांबली नव्हती.

पुन्हा गाळलं. पंच्याण्णव. पुन्हा गाळलं. अठ्ठ्याण्णव. दर खेपेला निम्मं प्रथिन चरात जाई.

"कचराच तो," केतकी म्हणे.

आजोबा त्याच चरात पाय बुडवून उभे राहत. "गार वाटतं गं पोरी."

महिन्याने एक थेंब उरला. शंभर टक्के! समितीने केतकीला हार घातला. आजोबांनी मागचा डावा पाय पुढे केला. थेंब लावला.

आठ दिवस झाले. खूर तसाच.

"मग खुरातच खोट असणार," अस्वलराव म्हणाले.

केतकीने आजोबांचे बाकीचे खूर पाहिले. तिन्ही लख्ख!

"हे कधी बरे झाले?"

"झाले की चरात. हा एक तेवढा दगडावर कोरडा ठेवला होता. म्हटलं, पोरगी एवढी खपतेय, तिच्या औषधाला एक तरी खूर नको का?"

तेव्हा केतकीला उमगलं. प्रथिनाला काम करायला बियांतलाच एक जोडीदार लागत होता. तिने तो पहिल्याच खेपेला चरात धुऊन टाकला होता.

"चर अशुद्ध आहे!" अस्वलराव गरजले. "आधी तो गाळून घ्या!"

केतकीने गळ्यातला हार काढला. "आजोबा, चौथाही बुडवा," ती म्हणाली.

तात्पर्य : शुद्ध औषध येईपर्यंत रोग्याने धीर धरावा. मात्र धीर धरताना आपण कुठे उभे होतो, ते समितीला सांगू नये.