गच्चीवरची म्हैस

आमच्या बिऱ्हाडाच्या वर, गच्चीवरच्या खोलीत, पागे काकांची म्हैस राहत असे. ती दूध देत नसे, पीत असे. सकाळ-संध्याकाळ, स्टीलच्या वाटीतून. रंगाने पांढरी, पाठीवर एक तपकिरी डाग, वजन फार तर तीन किलो. नाव चंपा. होतं ते मांजरच. पण सरकारी ढोर अस्पतालाच्या रजिस्टरात ती म्हैस होती, आणि रजिस्टरात जे असतं तेच खरं, असं काकांचं ठाम मत होतं.

काका एकटे. लग्न का नाही केलं विचारलं तर म्हणत, "टाइमच नाही मिळाला यार." वास्तविक त्यांच्याकडे टाइमशिवाय दुसरं काही नव्हतं. ते मिलमध्ये होते. तिथे मशीनच्या पट्ट्यात उजवा पाय गुडघ्याखाली गेला, आणि पुढे मिलही गेली. त्या जागी जयपूरचा पाय बसवला होता. "एक जयपूरचा, एक उज्जैनचा. दोघांचं आपसात जमत नाही, म्हणून चाल अशी आहे," हे ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. पुढच्या पाच मिनिटांत पूर्वज येत. काकांचे पूर्वज सरकारच्या पागेत होते. त्यांनी किती घोडे सांभाळले हे ऐकणाऱ्यावर अवलंबून असे. मला दोनशे सांगितले होते. आमच्या बँकेच्या मॅनेजरना चारशे.

त्यांचा खरा छंद म्हणजे फॉर्म भरणं. राशन कार्ड असो, गॅस असो, टेलिफोनचा नंबर असो, सगळी गल्ली त्यांच्याकडे येई. रिकामा रकाना ठेवायचा नाही, हा त्यांचा एकच नियम होता. "खाली खाना नको सोडू. सरकारला खरं-खोटं काही समजत नाही, पण खाली खाना बरोब्बर दिसतो." माझ्या स्कूटरच्या कर्जाच्या फॉर्मात 'अन्य संपत्ती' असा रकाना होता. मी तो मोकळा सोडला, तर काकांनी त्यात लिहिलं, 'आई'.

चंपा आजारी पडली तेव्हा आधी आम्ही तिला फ्रीगंजला नेलं. तिथे नुकतंच जनावरांचं प्रायव्हेट क्लिनिक निघालं होतं. काचेचा दरवाजा, आत थंडगार हवा आणि सोफ्यावर बसलेले पांढरे झुबकेदार कुत्रे. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "ब्रीड?" काका म्हणाले, "देशस्थ." तिने ते लिहूनही घेतलं. मग फीचा बोर्ड वाचला आणि चंपाला पिशवीत घालून आम्ही बाहेर आलो. काकांचं सगळं चालायचं ते निराश्रित विकलांग म्हणून मिळणाऱ्या पेन्शनवर, आणि ती एका भेटीत संपली असती.

राहिलं ढोर अस्पताल. तिथे तपासणी होई, पण फुकट औषध मिळे ते गाय, म्हैस, बैल आणि बकरी यांनाच. कुत्र्या-मांजरांचं बाहेरून आणा. कंपाउंडर रतनलाल काकांचा मिलच्या दिवसांपासूनचा दोस्त. त्याने रजिस्टर उघडून काकांकडे पाहिलं, काकांनी त्याच्याकडे पाहिलं.

"दादा, बकरी लिख दूँ?"

"पागे की औलाद बकरी पालेगी? भैंस लिख."

तेव्हापासून सात वर्षं त्या रजिस्टरात अशा नोंदी होत गेल्या: 'भैंस. कपाटावरून पडली, पाय मुरगळला.' 'भैंस. पाल खाल्ल्याने उलट्या.' 'भैंस. शेजारच्या बोक्याशी मारामारी, कान फाटला.' 'भैंस. पलंगाखालून बाहेर येत नाही.' आजाराचा रकाना काका स्वतः सांगून भरून घेत, आणि तिथे मात्र अक्षर न् अक्षर खरं असे. रतनलाल औषध अगदी थेंब मोजून देई आणि म्हणे, "दादा, थारी भैंस म्याऊँ बोल री है." काका म्हणत, "सर्दी हुई है उसको."

सगळं सुरळीत चाललं असतं, पण त्या वर्षी पेन्शनवाल्यांची जांच निघाली. निराश्रित म्हणून पेन्शन घेणाऱ्यांच्या नावावर काही आहे का, हे शोधायला बाबू लोक निरनिराळी रजिस्टरं घेऊन बसले. आणि एका दुपारी एक घामाघूम बाबू आमचे दोन जिने चढून गच्चीवर आला. मी काकांकडेच बसलो होतो.

"पागे जी, आपके नाम पे भैंस है."

"है," काका म्हणाले. नाही म्हणायची सोय नव्हती. मांजर म्हणून सांगितलं असतं तर रतनलालची नोकरी गेली असती, आणि त्याला रिटायर व्हायला सहा महिने होते.

बाबूने खोलीभर नजर फिरवली. एक पलंग, एक स्टोव्ह, एक खुर्ची. खुर्चीवर चंपा झोपलेली. "बाँधते कहाँ हो?"

"चरने गई है. भैरवगढ़ की तरफ."

बाबूने गच्चीचा अरुंद जिना पाहिला, काकांचा पाय पाहिला, आणि बहुधा सगळं ओळखलं. माणूस भला होता. एक फॉर्म पुढे करून म्हणाला, "भैंसवाले को निराश्रित पेन्शन नहीं मिलती, दादा. इसमें 'पशु की वर्तमान स्थिति' में लिख दो, मृत. किस्सा खतम. सोमवार तक दे देना."

झालं! मला वाटलं, काका आता पेन काढतील आणि मृत्यूचं कारणसुद्धा झोकात लिहितील. पण शनिवार गेला, रविवार आला, तरी तो रकाना कोरा. ज्या माणसाने गल्लीभर लोकांचे रकाने भरले, तो एका शब्दापुढे अडून बसला होता.

"काका, कागदावरच तर मारायची आहे."

"तू लिहशील तुझ्या आईबद्दल? कागदावर?" काका एकदम तडकले. मग हळू आवाजात म्हणाले, "नाही लिहवत रे विलास. पूरे दिवसात मी एकट्या तिच्याशीच बोलतो. उद्या खरंच काही झालं तिला, तर मला वाटेल मीच लिहून दिलं होतं."

मला फार वाईट वाटलं, आणि घाईघाईत मी माझ्या मते हुशारीची तोड काढली. "मग लिहा, दान दिली. मला. माझ्या नावावर बिनधास्त म्हैस राहू द्या, मला कुठे पेन्शन आहे?"

काकांनी फॉर्म जवळ ओढला. मग त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'दान दी गई', खाली माझं नाव आणि पत्ता. सोमवारी फॉर्म गेला. पेन्शन वाचली. मी खूश होतो.

मंगळवारी सकाळी दार वाजलं. दारात काका, अंघोळ केलेले, धुतलेला सदरा घातलेले. एका हातात भाजीच्या टोपलीत चंपा, तिची वाटी आणि एक नारळ. दुसऱ्या हातात तांब्या. राम घाटावर जाऊन, त्या पायाने सगळ्या पायऱ्या उतरून, क्षिप्रेचं पाणी आणलं होतं.

"हात पुढे कर. दानावर उदक सोडावं लागतं."

मी हसलो. "काका, ते कागदावरचं होतं!"

"म्हैस कागदावरची होती. दान नाही. दान लिहून दिलं आणि घरात ठेवून घेतलं, तर त्याला चोरी म्हणतात." त्यांनी माझ्या तळहातावर पाणी सोडलं. "दूध कोमट दे. कुकरच्या शिटीला घाबरते, तेव्हा जवळ घे. आणि बोलत जा तिच्याशी. काही पण बोल, पण बोल."

टोपली ठेवून ते वळले. जिन्यावर जयपूरचा पाय वाजत गेला. चार पायऱ्या वाजला आणि थांबला. पुढे वाजेना.

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, टोपली उचलली आणि जिन्याशी गेली. काका पाचव्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"भाऊजी, आम्हाला काही म्हैस पाळायचं जमत नाही. विलास बँकेत, मला गुडघ्यांचा त्रास. तुम्ही राखा."

"दान परत नाही घेता येत, वहिनी."

"परत कोण देतंय? म्हैस आमचीच. तुमच्याकडे राखायला ठेवते. पागे घराण्याने दुसऱ्यांचीच तर जनावरं सांभाळली ना?"

काकांनी यावर खूप विचार केला. यात काही नियम मोडतो का, ते तपासत असावेत. मग त्यांनी टोपली मांडीवर घेतली, चंपाच्या पाठीत तोंड खुपसलं, आणि माझ्या आईसमोर, भर सकाळी, हुंदके देऊन रडले.

रडून झाल्यावर सदऱ्याच्या बाहीने नाक पुसून म्हणाले, "पण एक आहे वहिनी. राखायला ठेवलेलं जनावर मालकाने येऊन बघावं लागतं. रोज. तसा कायदाच आहे. विलासला पाठवत जा."

असा कायदा नाही, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून बँकेतून आलो की मी आधी गच्चीवर जाऊ लागलो. चंपा बहुतेक वेळा झोपलेली असे, आणि काका दुसरी खुर्ची कुठूनशी आणून, पुसून, ठेवलेली.