एकास बारा

महादूतात्या लग्नाला गेले की नवरीच्या आधी कार्यालयाच्या पायऱ्या बघत. खिशातून टेप काढायची, पायरी मोजायची आणि यजमानांना तिथल्या तिथं सुनवायचं, "एक फूट उंचीला बारा फूट उतार पायजे. एकास बारा. न्हायतर चाकाच्या खुर्चीतलं पाव्हणं जेवनार कुठं? तुमच्या चपलांपाशी?" यजमान बिचारे त्यांना घाईघाईने पहिल्या पंगतीला बसवून टाकत.

तात्या सांगवीचे, जन्माचे गवंडी. मी इंदापुरात शाळामास्तर, आणि बारामतीतल्या आमच्या अपंगांसाठीच्या छोट्या संस्थेचं लिहिणं-वाचणं माझ्या गळ्यात. अपंगांना समान संधी मिळावी म्हणून युनोने नियम केले होते. ते पुण्याच्या मोठ्या संस्थेकडून इंग्रजीत आले, मी मराठीत उतरवले आणि एका रविवारी सभेत वाचून दाखवले. गावोगावच्या कचेऱ्यांकडून ते पाळून घ्यायचे, काय झालं नि काय नाही ते पुण्याला कळवायचं आणि पुण्याने वर कळवायचं, असं काम होतं. सोबत पुणेकरांनी उताराची आकृतीही जोडली होती. तात्या त्या दिवशी पहिल्यांदाच आले होते, अगदी मागे बसलेले. वाचन संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ह्ये तितं लिवलंय, का तुमी मनाचं सांगताय?" लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी एक प्रत मागून घेतली आणि तिला प्लॅस्टिकची पिशवी चढवली.

त्यानंतर तालुक्याला सुटका नव्हती. पोस्ट, दवाखाना, ग्रामपंचायत, जिथं जावं तिथं तात्या, टेप आणि "युनोनं लिवलंय". एका सरपंचांनी विचारलं, "ह्यो युनो कोन? आपल्या तालुक्यातला हाय का?"

"तुमच्या वरचा हाय," तात्या म्हणाले. उतार मंजूर झाला. बांधून झाल्यावर सरपंच त्यावरून मोटारसायकल थेट व्हरांड्यात नेऊ लागले, तेव्हा तात्या उतारावर आडवे झोपले आणि तिथंच डबा खाल्ला.

त्यांची टिंगल करण्यात मीही मागे नव्हतो. भर सभेत एकदा म्हणालो, "तात्या, जगाच्या पायऱ्या मोजता, आणि तुमच्याच घराला पाच पायऱ्या आहेत म्हणे!" सगळे खो खो हसले. तात्या टेप गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "या की मास्तर एकदा घरी."

गेलो. आमच्याकडे घराच्या जोत्यावरून माणसाची ऐपत ठरते. तात्यांनी आपलं जोतं तीन फूट घेतलं होतं, भावकीतल्या घरांपेक्षा वीतभर उंच. पुढे खरोखरच पाच पायऱ्या होत्या. त्यांनी मला मागच्या दारी नेलं. तिथून एक उतार निघून लिंबाच्या झाडापर्यंत गेला होता. छत्तीस फूट, गुळगुळीत घोटलेला. त्यावर चाकाची एक रेघ नव्हती.

"हौसाचा हाय," तात्या म्हणाले. हौसा त्यांची धाकटी बहीण. लहानपणी तापात दोन्ही पाय गेलेले. "घर बांदलं तवा म्हनली, दादा, एवढं उंच नगं घिऊ. मला आपली आपन अंगनात जाऊ दे. मी म्हनलं, मी हाय की उचलाया." पण तात्या दिवसभर गावोगाव कामावर, आणि हौसा दारात बसलेली. "उचलतो म्हंजी लई करतो, आसं वाटायचं मला. तुमी वाचलं तवा कळलं, तिला उचलून घ्यायचंच नव्हतं. पर ती त्याच्या आदल्या उन्हाळ्यातच गेल्ती."

"आणि पुढच्या पायऱ्या?"

"ऱ्हाऊ द्यात. रोज चढताना ध्यानात ऱ्हातं." त्यांनी उतारावरचा लिंबाचा पाला पायाने बाजूला सारला. "मास्तर, ह्ये कागद वर्सभर आदी आलं आसतं तर?"

कागद वर्षभर आधीच आले होते. त्या सभेच्या आदल्या दिवाळीपासून ते माझ्या शाळेतल्या कपाटात पडून होते. इंग्रजी किचकट, त्यात परीक्षा, त्यात पुतणीचं लग्न. उन्हाळ्यात बघू म्हटलं, आणि उन्हाळ्यातही बघितलं नाही. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

"टपालाला वेळ लागतो, तात्या," मी म्हणालो.

तात्यांनी समजुतीने मान हलवली. "व्हय," ते म्हणाले, "युनो लांब हाय."