बिनसाखरेचं च्युइंगगम

साठी उलटली तरी माझा एकही दात पडलेला नाही, किडलेला नाही, हललासुद्धा नाही. आमच्या अख्ख्या मंडी मोहल्ल्यात माझ्या वयाचा असा दुसरा माणूस दाखवा, त्याला मी घरी बोलावून जेवू घालतो. हे सगळं बिनसाखरेच्या च्युइंगगममुळे. जेवणानंतर ते चघळलं की लाळ सुटते, दात धुऊन निघतात, असं दातांच्या डॉक्टरनेच मला सांगितलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांना पानसुपारीऐवजी च्युइंगगम मिळतं. "म्हणूनच हल्ली कोणी येत नाही," असं माझी बायको भवानी म्हणते. तिचे दात तिच्यापाशी.

माझा थोरला भाऊ वेंकोजीराव हुणसूरला असतो. आमचं बोलणं बंद होतं. त्याच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत माझं नाव त्याच्या मेहुण्याच्या खाली छापलं होतं, म्हणून मी त्या लग्नाला गेलो नाही. मग तो माझ्या वास्तुशांतीला आला नाही. असं करत करत दोघेही म्हातारे झालो.

आता माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आमचे आईवडील नाहीत, घरातला मोठा तोच. भवानीने आणि अंबूवहिनीने आपसांत फोन करून त्याला आमच्याकडे जेवायला यायला राजी केलं. हुणसूरच्या बसने तो एकटाच आला, हातात चिकूंची पिशवी घेऊन. "बरा आहेस ना, नागोजी?" एवढंच म्हणाला आणि मी त्याच्या हातातली पिशवी घेतली. जेवताना तर आम्ही लहानपणीचं आठवून ठसका लागेपर्यंत हसलो.

जेवण झाल्यावर पान द्यायचं सोडून मी च्युइंगगमची डबी पुढे केली.

"बेड रे, नको मला," तो कानडी मिसळून म्हणाला.

"तंबाखू चघळतोस त्यापेक्षा हे बरं. आहेत तोवर दात सांभाळ, अण्णा. हे माझे बघ." मी आ करून दाखवलं.

त्याने माझ्या तोंडात पाहिलं आणि दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या.

तेवढ्यात व्याही आले, श्रीनिवासराव. मी अभिमानाने सांगितलं, "हे आमचे अण्णा." अण्णाने हात जोडले. तोंडातून शब्द नाही.

"प्रवास ठीक झाला ना?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

अण्णाने मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, नजर जमिनीकडे. माझं डोकं तापायला लागलं. आत्ता माझ्याबरोबर खिदळत होता आणि व्याह्यांसमोर मौन!

मी गोडीत म्हटलं, "अण्णा, कन्यादानाला वडीलकीने तू बसायचंस. बसशील ना?"

त्याने तळहात वर केला, जोरजोरात मान हलवली आणि उठून मागच्या दाराकडे निघाला. मी दंड धरला. "असा जाऊ नकोस. यांच्यासमोर उत्तर दे."

त्याचे डोळे भरून आले होते. मला तो राग वाटला. त्याने खांद्यावरचा टॉवेल तोंडावर दाबला तेव्हा मात्र माझा ताबा सुटला.

"तंबाखू थुंकायची असेल तर रस्त्यावर जाऊन थुंक. माझं घर घाण करू नकोस."

भवानी म्हणाली, "अय्यो, काय बोलता हे?" पण अण्णाने चपला घातल्या होत्या. तोंडावरचा टॉवेल तसाच धरून तो निघून गेला. श्रीनिवासराव चहा न घेता उठले.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "भावजी, ह्यांनी तंबाखू कधीच सोडली. सगळे दात गेले, म्हणून नवीन कवळी बसवलीय. ते तुमचं काय ते चिकटून खालची वरची एक झाली. तोंड उघडलं असतं तर दोन्ही व्याह्यांच्या पुढ्यात पडली असती. इथल्या डॉक्टरने बर्फ लावून सोडवली."

"मग मला सांगायचं तरी आधी, कवळी आहे म्हणून."

"कुणालाही सांग म्हणाले होते, नागोजीला सोडून."

दुसऱ्या दिवशी मी हुणसूरला गेलो, पाय धरले. अण्णाने पाय मागे घेतले नाहीत, हातातलं वर्तमानपत्रही खाली ठेवलं नाही. वहिनीने मला कॉफी दिली. ती पिऊन परत आलो.

लग्नाला तो आला. कन्यादानाला बसला, मुलीला पोटाशी धरून रडला. मी दोनदा जवळ गेलो, दोनदा तो दुसरीकडे बघायला लागला. पंगतीत श्रीनिवासरावांच्या शेजारी बसून मात्र पाऊस, तंबाखूचं पीक, नातवंडं, सगळं काही बोलत होता. मोठ्याने, हसून.

हात धुताना श्रीनिवासराव मला म्हणाले, "तुमचे अण्णा फार बोलके आहेत हो. त्या दिवशी तुमच्याच घरी काय झालं होतं त्यांना?"

मी म्हटलं, "पान घ्या."