पांढऱ्या पिल्लाचा फॉर्म्युला

शेडमास्तरांना जमणार नाही असा रंग अजून जन्माला यायचा होता. हे त्यांचंच म्हणणं. पण रंगांच्या दुकानात मिक्सिंग मशीनपाशी सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला तेवढं म्हणायचा हक्क असतो. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा आणो की पडद्याची चिंधी, मास्तर एक डोळा मिटून बघणार, फॉर्म्युल्याचं कार्ड लिहिणार आणि डबा हलवून हातात देणार. त्यामुळे घरातल्या दोन सापांपासून पांढराशुभ्र साप काढून दाखवतो, असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा दुकानात कोणी हसलं नाही. घरी बायको तेवढी हसली.

साप म्हणजे कॉर्न स्नेक, बिनविषारी आणि स्वभावाने गरीब. मादीचं नाव लाली. तिच्या अंगावर काळा रंग औषधालाही नव्हता. नराचं नाव राख्या, त्याच्यात लाल रंगाचा पत्ता नव्हता.

"हिच्यात काळा नाही, त्याच्यात लाल नाही," मास्तरांनी बायकोला समजावलं. "दोघांचं मिळून पिल्लू झालं की उरतं काय? पांढरं!"

बायको कपडे शिवायची. तिचं मशीन स्वयंपाकघरात फ्रीजला खेटून होतं आणि कापड बेतायची वेळ आली की ओटा पुसून घ्यावा लागे. मागची खोली मात्र सापांच्या पेट्यांनी अडवलेली. त्या खोलीवर तिचा कधीपासून डोळा होता. शेवटी करार झाला. पांढरं पिल्लू निघालं तर खोली कायमची सापांची. नाही निघालं तर मशीन आत आणि साप जिन्याखालच्या कपाटात.

लालीने बारा अंडी घातली. दोन महिन्यांनी बारा पिल्लं बाहेर आली आणि बाराच्या बारा तपकिरी-नारिंगी, रानातल्या कुठल्याही कॉर्न स्नेकसारखी निघाली. मास्तरांनी ती टोपलीत घालून तडक जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. माल बदलून मिळतो का, असा त्यांचा एकंदर आविर्भाव होता.

"मास्तर, दुकानात तुमची कार्डं असतात ना?" बाई म्हणाल्या. "तशी पिल्लाकडे प्रत्येक रंगाची दोन कार्डं असतात. एक आईचं, एक बापाचं. दोनातलं एक जरी धड असलं तरी रंग तयार होतो. लालीकडे काळ्याची दोन्ही कार्डं फाटकी, पण राख्याने प्रत्येक पिल्लाला एक धड दिलं. लाल रंगाचं तसंच, उलट बाजूने. मग रंग येणारच."

"म्हणजे फाटकी कार्डं गेली वाया?"

"वाया नाही गेली, पिल्लांच्या पोटात आहेत. यातलीच एक जोडी वाढवा. त्यांच्या पिल्लांत सोळात एक पांढरं निघायची शक्यता आहे."

मास्तरांनी 'सोळात एक' एवढं ऐकलं. 'शक्यता' हा शब्द त्यांच्या कानावरून गेला.

बायकोने मुदत वाढवून दिली, एकदाच. दहा पिल्लांना बाईंनी चांगली घरं शोधून दिली आणि मास्तर उरलेल्या जोडीला तळहातावरच्या फोडासारखं जपू लागले. तीन वर्षं! तीन वर्षं फ्रीजरमध्ये गोठवलेल्या उंदरांचा डबा होता. एकदा पाहुणी आलेल्या मेहुणीने तो मटारचा समजून उघडला. तेव्हापासून ती बाहेरच्या बाहेर खुशाली विचारून जाते. पण मास्तर हटले नाहीत.

चौथ्या वर्षी मादीने अंडी घातली. मास्तरांनी मोजली आणि त्यांचा चेहरा पडला. सतरा होती.

डब्यात एक थेंब जास्त पडला तर आख्खी शेड बिघडते, हे ज्याच्या हाडीमाशी खिळलंय त्याला सतरावं अंडं कसं सहन होणार? एक अंडं जरा चेपलेलं, सुरकुतलेलं होतं. मास्तरांनी ते उचलून बायकोच्या हातात दिलं. "हे टाकून दे," ते म्हणाले. "आता हिशेब चोख झाला."

सोळा अंडी उबवायच्या पेटीत गेली. पिल्लं निघायच्या दिवशी मास्तरांनी रजा टाकली. पहिलं तपकिरी आलं, मग एक लाल, मग राखाडी. दुपारपर्यंत पंधरा झाली आणि त्यात पांढरं एकही नव्हतं. मास्तर उलट खुलले. त्यांनी दुकानात फोन लावून मालकांना सांगितलं, की आता एकच अंडं राहिलंय, म्हणजे ते पांढरंच.

सोळाव्या अंड्यातून तपकिरी डोकं बाहेर आलं.

मास्तर स्टुलावर बसले. वाईट वाटलं त्यांना, अगदी आतून वाटलं. मग शब्दाला जागायचं म्हणून उठले आणि एकेक पेटी उचलून जिन्याखाली नेऊ लागले. अर्ध्या पेट्या हलल्या तेव्हा बायकोने हाक मारली.

ती फ्रीजसमोर उभी होती. फ्रीजवर, मागून ऊब येते त्या कोपऱ्यात, तिचा बटणांचा डबा होता, झाकणाला भोकं पाडलेला. आत ओला कापूस, फुटलेलं अंडं आणि त्यातून अर्धवट बाहेर आलेलं, गुलाबी डोळ्यांचं पांढरं पिल्लू.

"अहो, ते नुसतं सुकलं होतं," ती म्हणाली. "ओल्या कापसात ठेवलं तर चार दिवसांत टम्म झालं."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांना करार आठवला. "निघालं! खोली सापांची!"

"तुम्ही टाकून दे म्हणालात ते तुमचं कसं?" बायकोने शांतपणे विचारलं. "सोळा तुमची होती. हे माझं."

मास्तरांनी उरलेल्या पेट्याही जिन्याखाली नेल्या. मशीन मागच्या खोलीत गेलं, आणि पांढऱ्याची पेटीही तिथेच, दोऱ्यांच्या रिळांशेजारी. मास्तर रोज दार वाजवून, पाय पुसून आत जातात.

पांढरा साप काढून दाखवला, हे मात्र ते दुकानात छाती फुगवून सांगतात. गिऱ्हाइकाने तो बघायला कधी येऊ असं विचारलं की डबा जरा जास्तच वेळ हलवतात आणि म्हणतात, "बायकोला विचारून सांगतो."