मोरेश्वरची शेव्हेल थांबते

देवळातून परत येताना मोरेश्वर सबनीसने ब्रेक दाबला, पण त्याची शेव्हेल थांबली नाही. रस्ता ओला होता, उतार होता. सिग्नल लाल झाला, गाडीने चौक ओलांडला आणि पलीकडच्या बँकेसमोरच्या फुलझाडांत शिरून ती आपल्या मर्जीने उभी राहिली. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, शुभाने, मांडीवरचा प्रसादाचा डबा सावरला.

"तुम्ही ब्रेक दाबत नाही," ती शांतपणे म्हणाली. "विनंती करता."

शेव्हेल ही एकोणिसशे एकोणसत्तर सालची अमेरिकन गाडी. शिकायला अमेरिकेत आल्यावर मोरेश्वरने अशीच एक गाडी रस्त्यावरून गुरगुरत जाताना पाहिली होती आणि तेव्हापासून ती त्याच्या डोक्यात घर करून होती. नोकरी, मॉरिसव्हिलमधलं घर, मुलीचं कॉलेज हे सगळं मार्गी लागल्यावर पन्नाशीत त्याने ती घेतली. इंजिन असं, की चालू केलं तर शेजाऱ्यांच्या कपाटातल्या कपबशा वाजाव्यात. ब्रेक मात्र चारही चाकांना जुने, ड्रमचे. पळायचं कसं हे तिला पुरेपूर ठाऊक होतं, थांबण्याबद्दल तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

शुभा लहान मुलांची डॉक्टर. तिचं निदान झटपट असे. "दिवाळीपर्यंत ब्रेक नीट करा, नाहीतर गाडी विका. तोवर मी हिच्यात बसणार नाही."

मोरेश्वरने आपल्या मित्राला, गिरीशला फोन लावला. गिरीश मूळचा नागपूरचा, शेजारच्या केरी गावात राहणारा. गाड्यांवरच्या झाडून सगळ्या वेबसाइट तो वाचत असे. स्वतः मात्र त्याने आजवर एक नटही पिळलेला नव्हता.

"डिस्क ब्रेकचं किट मागव ना यार. एका वीकेंडचं काम आहे."

किट आलं. मोरेश्वरने गाडी स्टँडवर चढवली, जुने ड्रम ठोकून ठोकून काढले, चकचकीत डिस्क बसवल्या आणि त्यांना चिमट्यासारखे धरणारे कॅलिपर लावले. ते इतके देखणे दिसत होते, की त्याने शुभाला बघायला बोलावलं. मग तिच्यादेखतच चाक चढवायला घेतलं. चाक चढेना. कॅलिपर मोठा, चाकाच्या आतली जागा लहान.

"गिरीश, चाक बसत नाहीये."

"जुनं कसं बसणार? छोटी चाकं आहेत ती. सतरा इंची घ्यावी लागतील."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू ब्रेकचं विचारलं होतं. चाकांचं कुठे विचारलं?"

सतरा इंची चाकं आली. मोठ्या चाकांना जुने टायर चालेनात, म्हणून रुंद टायर आले. ते लावून मोरेश्वरने जागच्या जागी स्टिअरिंग फिरवलं, तर पत्र्यावर रबर घासल्याचा करकरीत आवाज झाला. उजवीकडे चाक सुरेख वळत होतं. डावीकडे वळवलं की मडगार्डला अडत होतं.

"राइट टर्न घेत घेत कुठेही पोचता येतं," गिरीश म्हणाला.

मोरेश्वरने फोन ठेवला आणि हातोडी घेतली. मडगार्डची आतली कड ठोकून दुमडण्यात ऑक्टोबर संपला. गराज अडल्यामुळे शुभाची व्हॅन बाहेर राहायची आणि सकाळी हॉस्पिटलला जाण्याआधी ती काचेवरचं दव पुसत बसायची. ती काही बोलत नसे. ती बोलली असती तर मोरेश्वरला बरं वाटलं असतं. दिवाळी आली तरी शेव्हेल स्टँडवरच होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शुभाने गराजच्या दाराशी एक पणती ठेवली. ती शुभेच्छा होती की श्रद्धांजली, हे विचारायचं धैर्य त्याला झालं नाही.

"थँक्सगिव्हिंगपर्यंत," एवढंच ती म्हणाली. म्हणजे मुदत नोव्हेंबरअखेरपर्यंत वाढली.

आता ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायची राहिली होती. त्याला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन बारीक स्क्रू सैल करायचा. पेडलवर शुभा बसली, आडवं व्हायचं काम मोरेश्वरकडे आलं.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत. सोडू नकोस. सोडलंस?"

"हॉस्पिटलचा फोन आहे. एका बाळाला ताप आलाय."

हवा परत आत. असं दोन-तीन वीकेंड चाललं. ब्रेकच्या तेलाच्या बाटल्या संपत होत्या आणि पेडल मात्र मऊ पावासारखं खाली जात होतं. थंडगार सिमेंटवर पडल्या पडल्या मोरेश्वरला वाटू लागलं, की ही गाडी मागच्या अंगणात पुरावी आणि वर गवत लावून विषय संपवावा. तेवढ्यात शुभा खाली उतरली आणि चाकापाशी वाकली.

"या स्क्रूतून हवा बाहेर यायला हवी ना?"

"हो."

"मग तो खालच्या बाजूला का आहे? सिरिंजमधली हवा काढताना आम्ही सुई वर धरतो."

मोरेश्वरने दोन्ही बाजूंचे स्क्रू तपासले. डावा कॅलिपर त्याने उजवीकडे बसवला होता आणि उजवा डावीकडे.

ते बदलल्यावर पेडल घट्ट झालं. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रविवारी गिरीशकडे जेवायला जायचं ठरलं. मोरेश्वरने शेव्हेलचं दार उघडून धरलं. शुभाने पर्समधून व्हॅनची किल्ली काढली.

"मी मागून येते. कुठे अडकलात तर घरी आणायला कुणीतरी हवं."

शेव्हेल गुरगुरत निघाली, मागे व्हॅन. चाकं घासत नव्हती, पेडल पायाखाली भक्कम होतं. मोरेश्वर कित्येक महिन्यांनी शीळ घालत होता. केरीच्या चौकात दिवा पिवळा झाला. त्याने ब्रेक दाबला आणि एवढी मोठी गाडी खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी थांबली. त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात मागून धाडकन आवाज झाला.

शुभा व्हॅनमधून उतरली. तिला खरचटलंही नव्हतं. व्हॅनचं बॉनेट मात्र दुमडलं होतं आणि खालून रेडिएटरचं हिरवं पाणी वाहत होतं.

"तुम्ही थांबलात कशाला?"

"दिवा पिवळा झाला होता."

"पिवळ्यावर ही गाडी कधी थांबलीय? तुम्ही निघून जाणार म्हणून मीही स्पीड वाढवला."

"अगं, ब्रेक नवे आहेत."

"मला काय माहीत ते लागतील म्हणून?"

पोलिसाने शुभाच्या हातात दंडाची पावती ठेवली. व्हॅन ओढून नेली गेली. शेव्हेलच्या जुन्या लोखंडी बंपरला एक पोचा आला होता, एवढंच. मोरेश्वर त्यावरून हात फिरवत उभा असताना शुभाने आपला हात पुढे केला.

"किल्ली द्या. उद्यापासून हॉस्पिटलला हीच न्यावी लागणार, सवय करून घेते. तुम्हाला गिरीश सोडेल ऑफिसला, इतके दिवस सोडत होता तसा."

मोरेश्वर शेजारच्या सीटवर बसला. शुभाने गाडी वेगात काढली, पुढच्या मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम एकदा ब्रेक दाबून पाहिला, मग पुन्हा एकदा, जरा जोरात.

"ब्रेक मस्त झालेत हो," ती म्हणाली.

हे वाक्य ऐकण्यासाठी त्याने इतके महिने काढले होते. पण दोन्ही हातांनी डॅशबोर्ड घट्ट धरलेला असल्यामुळे त्याला उत्तर देता आलं नाही.