फाट्यावरून पुढे

जर्मनीत रविवारी कपडे वाळत घालत नाहीत. वत्सलाताई नेमक्या रविवारीच घालत. ब्राउनश्वाइगमधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून हिरवंगार पातळ खाली लोंबायचं. मग घरमालकीणबाई वर येऊन हाउसऑर्डनुंगमधले, म्हणजे इमारतीच्या नियमावलीतले, नियम मोठ्याने वाचून दाखवायच्या. ताई सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "जा, गेनाऊ. पातळच आहे, बॉम्ब नाही." गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर', आणि 'ja' म्हणजे 'हो', त्याचा खरा उच्चार 'या'. पण ताई तो लिहिल्याप्रमाणे 'जा' म्हणत आणि त्यांच्या तोंडी तो शब्द अगदी मराठी वाटायचा.

ताई अडतिसाव्या वर्षी, घरादाराचा विरोध मोडून, पुण्याहून डॉक्टरेट करायला आल्या होत्या. मी त्याच विभागातला नवखा विद्यार्थी. कोणी काही सुचवलं की त्या विचारत, "मी सल्ला मागितला का?" प्रोफेसरांनाही हेच, फक्त जर्मनमध्ये. ड्रायव्हिंग शिकवणारा म्हणाला, साडीत पाय पेडलवर नीट पडत नाही. ताईंनी साडी बदलली नाही, शिकवणारा बदलला.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात प्रोफेसरांनी आम्हा दोघांना तीन महिन्यांसाठी अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. काम संपलं, परतायला आठवडा होता. ताईंनी एक म्हातारी गाडी भाड्याने घेतली.

"वाळवंट बघू, दऱ्या बघू, नॅशनल पार्कं बघू. वाटेत मधू राहतो, माझा धाकटा भाऊ. त्याच्याकडे डोकावू. तू नकाशा धर."

एका पार्काच्या तोंडाशी रेंजरने आम्हाला थांबवलं. पुढे चाळीस मैल पाणी नाही, ही गाडी नेऊ नका, म्हणाला. ताईंनी त्याला आपला नेहमीचा प्रश्न इंग्रजीत विचारला आणि गाडी दामटली. विसाव्या मैलावर इंजिनातून वाफ निघाली. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, डोक्यावर रणरणतं ऊन. ताई एका खडकाच्या सावलीत मांडी घालून बसल्या आणि डब्यातले दडपे पोहे वाढू लागल्या. तासाभराने तोच रेंजर पाण्याचा डबा घेऊन आला. ताईंनी त्यालाही पोहे दिले. त्याने मुकाट्याने खाल्ले.

मधूच्या गावाचा फाटा दुसऱ्या दिवशीच लागला. ताई म्हणाल्या, "आधी पलीकडची दरी बघू." तिसऱ्या दिवशी दगडी कमानी निघाल्या. चौथ्या दिवशी दगड झालेली झाडं.

पाचव्या दिवशी मी म्हणालो, "ताई, हा फाटा आपण चौथ्यांदा ओलांडतोय."

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"मधूने इथल्या मुलीशी लग्न केलं, त्याला बारा वर्षं झाली. नानांनी, आमच्या वडिलांनी, त्याला कळवलं, तू आम्हाला मेलास. नानांचा हात थरथरायचा. पत्र मी लिहिलं."

"पण सांगितलं त्यांनीच ना?"

"अक्षर माझं होतं. मधूने पाकीट उघडलं असेल तेव्हा त्याला वाटलं असेल, ताईचं पत्र आलं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "जन्मात एकदाच मी कोणाचं मुकाट्याने ऐकलं, आणि ते हे."

मग त्यांनी खाडकन गिअर टाकला. "हाकलून दिलं तर दिलं."

घर बैठं होतं. अंगणात एक टक्कल पडलेला गृहस्थ वाफ्यांना पाणी घालत होता. ताई गाडीतून उतरल्या आणि फाटकाशीच थांबल्या. त्याने वर पाहिलं. हातातली नळी खाली पडली, पाणी त्याच्या बुटांवरून वाहू लागलं. ताईंनी फाटकाची कडी धरून ठेवली.

तो फाटकापाशी आला. म्हणाला, "ताई, किती वाळलीस गं."

मग माझ्याकडे वळून, अडखळत, गंजलेल्या मराठीत विचारलं, "तुम्हाला परत कधी जायचंय?"

"परवा," मी म्हणालो.

"तुम्ही जा. ही राहील."

ताई आता काय म्हणतात म्हणून मी श्वास रोखून पाहिलं. त्या गाडीच्या डिकीतून आपली बॅग काढत होत्या.